जीपमधील मालासाठी घरी शिवलेले जाळे

शेतीच्या कामात मालाची ने-आण हा एक मोठा भाग होय. बियाणे, खत, फवारणीचे पंप, डिझेलचे डबे, पाण्याच्या मोटारीचे सुटे भाग, भाजीपाल्याचे क्रेट, चाऱ्याच्या पेंढ्या अशा नाना वस्तू गावातून शेतावर आणि शेतावरून बाजारात न्याव्या लागतात. पूर्वी हे काम बैलगाडीने होई. सामुदायिक विकास कार्यक्रमास २ ऑक्टोबर १९५२ रोजी प्रारंभ झाला, तेव्हापासून विकास गटांच्या जीपगाड्या खेडोपाडी दिसू लागल्या. पुढे जुन्या जीपगाड्या, पिकअप आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या शेतकऱ्यांच्या दारी आल्या. डांबरी सडक संपली तरी ही वाहने थांबत नाहीत. पाणंदीतील चाकोऱ्या, ओढ्यातील गोटे, घाटातील वळणे आणि नांगरट झालेली राने तुडवीत ती बांधापर्यंत जातात.

वाहन बदलले, परंतु माल बांधण्याची रीत मात्र पुष्कळ ठिकाणी बैलगाडीच्याच काळातील राहिली आहे. हाताशी असेल तो दोर घ्यावा, मालावरून दोन फेरे टाकावेत, एक गाठ मारावी आणि निघावे, असे चित्र नेहमी दिसते. कित्येकदा तर तेवढेही केले जात नाही. यापासून होणारे नुकसान टाळण्याचा एक सोपा व कमी खर्चाचा उपाय म्हणजे पट्ट्यांचे घरी शिवलेले जाळे. ते कसे तयार करावे, त्याची ताकद कोठवर धरावी आणि कोणत्या कामी ते मुळीच वापरू नये, याची माहिती येथे दिली आहे.

जुनी जाळी आणि नवा वेग

जाळे ही वस्तू शेतकऱ्याला नवी नाही. दुधादह्याची भांडी टांगण्याचे शिंके, मळणीच्या किंवा कोळपणीच्या वेळी बैलाच्या तोंडास बांधावयाचे मुसके, कडबा-भुसकट वाहून नेण्याचे दोरीचे जाळे, या सर्व वस्तू घरोघर होत्या आणि आजही अनेक ठिकाणी आहेत. अंबाडी, ताग व घायपात यांचा वाख काढून त्याचे दोर वळणारे कुशल कारागीर गावोगाव होते. त्यांनी विणलेली जाळी वर्षानुवर्षे टिकत आणि त्या काळच्या कामास ती पुरेशी होती.

बैलगाडी ताशी सुमारे चार किलोमीटर वेगाने चालते. ती एकाएकी थांबली तर गाडीतील पोते फार तर थोडे पुढे सरकेल. जीप ताशी चाळीस किलोमीटर वेगाने धावत असेल, तर वेग दहापट होतो. परंतु वस्तूच्या अंगी असलेली आदळण्याची शक्ती दहापट न होता शंभरपट होते. कारण ही शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

ही गोष्ट विहिरीच्या उदाहरणाने सहज ध्यानी येईल. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी जीप झाडावर किंवा दगडावर आदळून जागीच थांबली, तर मागे सुटा ठेवलेला डबा पाच मीटर उंचीवरून पडलेल्या डब्याइतक्या जोराने पुढे येतो. वेग ताशी ५४ किलोमीटर असेल, तर ही उंची सुमारे साडेअकरा मीटर होते. साडेअकरा मीटर खोल विहिरीच्या तळाशी माणूस काम करीत असता काठावरून वीस किलोचा पंप त्याच्या अंगावर पडावा, तसाच हा प्रकार होय. विहिरीच्या काठावर कोणी सुटी पहार ठेवीत नाही. परंतु चालकाच्या पाठीमागे सुटी पहार, कुदळ, नांगराचा फाळ आणि भरलेला डबा ठेवून घाट उतरणारे लोक पुष्कळ आहेत. माल बांधण्याचा प्रश्न हा केवळ फुटलेल्या टोमॅटोंचा वा सांडलेल्या खताचा नसून पुढे बसलेल्या माणसांच्या जिवाचा आहे.

कच्च्या रस्त्यावर आणखी एक गोष्ट घडते. वाहन खड्ड्यात आपटून वर उसळते तेव्हा माल क्षणभर तळापासून सुटतो आणि पुन्हा खाली आदळतो. त्यामुळे दोर ढिला पडतो, गाठ सरकते आणि माल थोडथोडा जागा बदलतो. एकेरी दोर मालाला एकाच रेषेवर धरतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या वस्तू निसटतात. जाळे मात्र सर्व पृष्ठभागावर सारखे बसते आणि एका जागी आलेला जोर अनेक पट्ट्यांवर वाटून घेते. ताडपत्री हे काम करू शकत नाही. तिच्यात वारा भरतो आणि ती फुगते किंवा फाटते. पावसापासून व धुळीपासून बचाव करण्यासाठी ताडपत्री घालावी आणि तिच्यावर जाळे ताणावे, ही रीत उत्तम.

पट्टा कोणता घ्यावा

जाळे दोरीचे विणता येते, तसेच सपाट पट्ट्यांचे शिवताही येते. दोरीच्या जाळ्यात प्रत्येक छेदावर गाठ येते आणि गाठीमुळे दोराची ताकद बरीच, काही वेळा निम्म्यापर्यंत, कमी होते. शिवाय कृत्रिम धाग्याचा गुळगुळीत दोर गाठीतून सरकतो. पट्ट्यांच्या जाळ्यात गाठ नसते. टाके नीट घातले तर पट्ट्याची बहुतेक ताकद उपयोगात येते. शिवाय सपाट पट्टा मालात रुतत नाही, म्हणून फळांच्या व भाज्यांच्या क्रेटसाठी तो अधिक चांगला.

बाजारात मुख्यतः तीन प्रकारचे पट्टे मिळतात.

पॉलिएस्टरचा पट्टा कमी ताणला जातो, ओला झाला तरी त्याची ताकद फारशी घटत नाही आणि उन्हात तो इतरांपेक्षा बरा टिकतो. जीपच्या जाळ्यासाठी हाच पट्टा सर्वांत योग्य होय.

नायलॉनचा पट्टा मजबूत असतो. पण तो अधिक ताणतो, पाणी शोषतो आणि ओला असता काहीसा दुबळा होतो. सकाळी घट्ट बांधलेले नायलॉनचे जाळे पावसात भिजल्यावर ढिले पडलेले आढळते.

पॉलिप्रोपिलीनचा पट्टा स्वस्त व हलका असतो आणि पाणी शोषत नाही. परंतु उन्हाने तो लवकर ठिसूळ होतो आणि घासून तापल्यास लवकर वितळतो. उघड्या जीपमध्ये बारा महिने राहणाऱ्या जाळ्यासाठी तो घेऊ नये.

मोटारीच्या जुन्या आसनपट्ट्यांचा उपयोग करण्याकडे अनेकांचा कल असतो. हे पट्टे पॉलिएस्टरचे व मजबूत असतात हे खरे. परंतु अपघातात सापडलेल्या गाडीचा पट्टा एकदा जबर ताण सोसून चुकलेला असतो आणि उन्हात पडलेल्या गाडीचा पट्टा आतून विरलेला असतो. असे पट्टे हलक्या सामानाच्या जाळ्यासाठी फार तर वापरावेत. त्यांच्यावर अधिक भरवसा ठेवू नये.

पट्टा विकत घेताना तो किती वजनास तुटतो, हे वेष्टनावर लिहिलेले आहे की नाही ते पाहावे. लिहिलेल्या आकड्याचा एक तृतीयांश किंवा त्याहून कमी एवढाच भार त्याच्यावर येईल, असा हिशेब धरावा. ज्या पट्ट्यावर काहीच लिहिलेले नाही, तो कितीही जाड दिसला तरी भाराच्या कामास घेऊ नये.

दोराही पॉलिएस्टरचाच, जाड व पिळदार असावा. सुती दोरा ओलीने कुजतो. म्हणून पट्टा नवा आणि टाके कुजलेले, अशी जाळ्याची अवस्था होते. दोऱ्याचा रंग पट्ट्याच्या रंगाहून निराळा घ्यावा. काळ्या पट्ट्यावर पांढरा अगर पिवळा दोरा असला म्हणजे एखादा टाका तुटल्यास तो चटकन दृष्टीस पडतो. ही हौसेची बाब नसून सुरक्षिततेची आहे.

माप आणि सामानाचा हिशेब

नेहमी न्यावयाचा माल जीपच्या मागील हौद्यात रचावा. एक सुतळी घेऊन ती एका बाजूच्या कडीपासून मालावरून दुसऱ्या बाजूच्या कडीपर्यंत धरावी. लांबी आणि रुंदी अशी दोन्ही मापे याप्रमाणे घ्यावीत आणि प्रत्येक मापातून सुमारे २५ सेंटिमीटर वजा करावेत. राहिलेले माप हे जाळ्याचे माप होय. ही मोकळी जागा ताण देण्याचे पट्टे व त्यांची बकले यांना लागते. जाळे कडीपर्यंत पोहोचेल इतके मोठे केले, तर ते ताणण्यास जागाच उरत नाही आणि ढिले जाळे नसल्यासारखेच असते.

जाळ्याचे घर, म्हणजे चौकोनी भोक, किती मोठे ठेवावे हे मालावर अवलंबून आहे. सर्वांत लहान वस्तूच्या सर्वांत अरुंद बाजूपेक्षा घर लहान असावे. क्रेट, पोती व डबे यांना १५ सेंटिमीटरचे घर पुरेसे होते. पाने, हातोडी, खिळे असल्या बारीक वस्तू जाळ्याच्या भरवशावर सोडू नयेत; त्या आधी पेटीत किंवा गोणत्यात घालाव्यात आणि मग जाळ्याखाली ठेवाव्यात.

उदाहरणादाखल १२० सेंटिमीटर लांब व ९० सेंटिमीटर रुंद असे जाळे घेऊ. पट्टा २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंच, रुंदीचा आणि घर १५ सेंटिमीटरचे धरले, तर हिशेब पुढीलप्रमाणे येतो.

कडेचा पट्टा: चारही बाजू मिळून ४२० सेंटिमीटर आणि जोडासाठी १२ सेंटिमीटर, एकूण ४३२ सेंटिमीटर.
आडवे पट्टे: ७ नग, प्रत्येकी ९० सेंटिमीटर आणि दोन्ही टोकांच्या दुमडीसाठी १६ सेंटिमीटर, एकूण ७४२ सेंटिमीटर.
उभे पट्टे: ५ नग, प्रत्येकी १२० सेंटिमीटर आणि दुमडीसाठी १६ सेंटिमीटर, एकूण ६८० सेंटिमीटर.
कडेचे फासे: ८ नग, प्रत्येकी ३० सेंटिमीटर, एकूण २४० सेंटिमीटर.

सर्व मिळून सुमारे २१ मीटर पट्टा लागतो. कापताना होणारी घट धरून २३ मीटर घ्यावा. या जाळ्यात आतील छेद ३५ आणि कडेवरील जोड २४ येतात. म्हणजे फासे सोडून ५९ ठिकाणी शिवण घालावी लागते. ही संख्या आधीच सांगण्याचे कारण असे की, पहिले वीस जोड मन लावून आणि उरलेले घाईने, असे होऊ नये. जाळे तुटते ते नेहमी घाईने शिवलेल्या जोडावरच. काम दोन-तीन दिवसांत वाटून घ्यावे.

कापणे व टोके बंद करणे

पट्टा कात्रीने कापला की त्याचे टोक लगेच उसवू लागते. म्हणून कापलेले टोक मेणबत्तीच्या ज्योतीजवळ क्षणभर धरून त्याचे धागे वितळवून एकजीव करावेत. हे काम घराबाहेर, मोकळ्या हवेत व कडब्याच्या गंजीपासून दूर करावे. वितळलेला पट्टा कातडीस चिकटतो आणि खोल भाजतो. तो बोटाने दाबू नये, लोखंडी पट्टीने दाबावा. मुलांना जवळ येऊ देऊ नये.

शिवण्याची रीत

स्वच्छ फरशीवर किंवा फळ्यांवर खडूने जाळ्याचा पूर्ण आकार काढावा आणि पट्टे जेथे यावयाचे तेथे रेघा ओढाव्यात. प्रथम कडेचा पट्टा चौकटीवर ठेवावा. कोपऱ्यावर तो कापू नये. तिरपी घडी घालून वळवावा. त्याची दोन टोके एकमेकांवर १२ सेंटिमीटर ठेवून जोडावीत. हा जोड कोपऱ्यात किंवा फाशाजवळ घेऊ नये, दोन आतील पट्ट्यांच्या मधल्या जागेत घ्यावा.

नंतर आडवे पट्टे मांडावेत आणि उभे पट्टे त्यांतून एक वरून, एक खालून अशा प्रकारे ओवावेत. सुपाच्या विणीत कामट्या ज्या रीतीने जातात तीच ही रीत. केवळ एकावर एक ठेवून शिवलेल्या जाळ्यात सर्व जोर टाक्यांवर येतो. विणलेल्या जाळ्यात पट्टे एकमेकांस धरून राहतात आणि टाक्यांचा भार हलका होतो.

प्रत्येक आतील पट्ट्याचे टोक कडेच्या पट्ट्यास वळसा घालून मागे ८ सेंटिमीटर दुमडावे. आता कडेवर पट्ट्याचे तीन थर होतात. या तीन थरांवर एक आणि त्यालगत आतल्या बाजूस दोन थरांवर एक, अशा दोन चौकटी शिवाव्यात.

चौकट म्हणजे पट्ट्याच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत राहून घातलेली चौकोनी टीप आणि तिच्या आत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली. या चौकट-फुलीच्या शिवणीत जोर कोणत्याही दिशेने आला तरी काही टाके त्या दिशेस आडवे येतात. सरळ एका रेघेत घातलेली टीप मात्र कागदाप्रमाणे एका टोकाकडून उसवत जाते. टाक्याची लांबी ४ ते ५ मिलिमीटर ठेवावी. फार बारीक टाके घातले तर सुईच्या भोकांनी पट्टा चाळणीसारखा होऊन त्याच रेषेवर फाटतो. आरंभी व शेवटी तीन-चार टाके उलट घालून दोरा पक्का करावा.

घरच्या पायमशीनवर दोन थर, पट्टा पातळ असल्यास, शिवता येतात. त्यासाठी जाड सुई लावावी आणि चाक हाताने सावकाश फिरवावे. तीन थरांस यंत्र अडखळू लागले तर ते रेटू नये. सुई मोडून डोळ्यात उडण्याचा धोका असतो. असे जोड आरीने भोके पाडून दोन दाभणांनी हाताने शिवावेत. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांस दोन दाभणे ओवून प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी दोरा काढला, की एक धागा तुटला तरी दुसरा जोड धरून ठेवतो. दोऱ्यास मेण लावल्यास तो सहज सरकतो आणि गाठ पक्की बसते. गावातील चर्मकार अगर मोटारीच्या गाद्या शिवणारा कारागीर यांच्याकडून कडेचे २४ जोड शिवून घेतले तरी चालेल; आतील ३५ छेद घरी करता येतात.

छेद शिवताना मध्यापासून आरंभ करून कडेकडे जावे, म्हणजे एका बाजूस ढिलाई साठत नाही.

शेवटी फासे लावावेत. चार कोपऱ्यांवर चार आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर एक, असे आठ फासे होतात. मधले फासे आतील पट्टा जेथे कडेस मिळतो नेमक्या त्याच जागी असावेत, म्हणजे ताण सरळ त्या पट्ट्यात उतरतो. वर दिलेल्या मापात तशी सोय आहे. फाशावरील शिवण दुहेरी घालावी, कारण सर्व जाळ्याचा जोर अखेर या आठ ठिकाणी एकवटतो.

कड्या, हूक आणि ताण

उत्तम जाळे कमकुवत कडीला बांधले, तर ते कडीइतकेच कमकुवत होते. जीपच्या पातळ पत्र्याला भोक पाडून लावलेली कडी पत्र्यासकट उपटून येते. कडी शक्यतो सांगाड्याच्या लोखंडास लावावी; पत्र्यास लावणे भाग असेल, तर पाठीमागून जाड लोखंडी पट्टी देऊन बोल्ट आवळावा. छताच्या कमानी आणि आसनाचे दांडे यांना जाळे बांधू नये.

उघड्या तोंडाचे वाकडे हूक खडबडीत रस्त्यावर सुटतात. झाकणी असलेले हूक घ्यावेत. ताण देण्यासाठी दात्यांचे किंवा कळीचे बकल असलेले आखूड पट्टे वापरावेत. रबरी दोऱ्यांचे हूक लावून जाळे ताणण्याची पद्धत घातक आहे. ताणलेली रबरी दोरी सुटली की तिचा हूक डोळ्यास गंभीर इजा करतो, आणि माल पुढे येताना रबर ताणले जाते, माल थांबत नाही.

ताण देताना समोरासमोरचे फासे जोडीने आवळावेत. वाहन निघाल्यावर माल खाली बसतो. म्हणून पहिले दोन-तीन किलोमीटर गेल्यावर थांबून ताण पुन्हा तपासावा. पाणंद संपून सडक लागते त्या ठिकाणी हे करण्याची सवय लावल्यास विसर पडत नाही.

जाळ्याची परीक्षा

नवे जाळे वापरण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्यावी. गोठ्याच्या भक्कम तुळयांना किंवा लोखंडी चौकटीला आठही फासे बांधून जाळे जमिनीपासून एक वीत उंचीवर झोळीसारखे टांगावे. जेवढ्या वजनाचा माल न्यावयाचा त्याच्या दुप्पट वजनाची पोती त्यात एकेक करून ठेवावीत आणि तासभर तशीच राहू द्यावीत. या वेळी कोणीही जाळ्यात बसू नये किंवा त्याच्याखाली हात घालू नये. नंतर पोती काढून प्रत्येक जोड पाहावा. जेथे टाका सरकला असेल, भोक लांबले असेल किंवा पट्टा एका बाजूस ओढला गेला असेल, तो जोड उसवून पुन्हा शिवावा. या परीक्षेने कच्चे जोड उघडकीस येतात. तथापि धावत्या वाहनातील धक्का हा स्थिर वजनाहून निराळा असतो, हे विसरू नये.

भार-बांधणीच्या युरोपीय मानकात रस्त्यावरील वाहनासाठी पुढील दिशेस मालाच्या वजनाच्या ८० टक्के आणि दोन्ही बाजूंस व मागे ५० टक्के एवढा जोर धरून बांधणी करण्यास सांगितले आहे. हा हिशेब ब्रेक व वळणे यांचा आहे, टकरीचा नाही. म्हणून वर वर्णिलेल्या जाळ्याखाली ५०-६० किलोहून अधिक माल ठेवू नये, जड वस्तू तळाशी व पुढील भिंतीस टेकवून ठेवाव्यात आणि जाळ्याकडे त्यांना जागेवर राखण्याचेच काम द्यावे. डिझेलचे पिंप, मोटार, नांगर, गिअरपेटी अशा वस्तू स्वतंत्र साखळीने किंवा कारखान्यात तयार झालेल्या व भार लिहिलेल्या पट्ट्यांनीच बांधाव्यात.

हे करू नये

घरी शिवलेल्या जाळ्याने माणसे किंवा जनावरे उचलू नयेत, विहिरीत उतरवू नयेत. मुलांना झोपाळा म्हणून ते देऊ नये. जाळे बांधले आहे म्हणून मालावर माणसे बसवू नयेत. ट्रॉलीतील उंच मालावर बसलेल्या मजुरांना जाळे धरून ठेवीत नाही. वाहन कलंडले तर उलट त्यांचे पाय त्यात अडकतात. वाहनाच्या बाहेर डोकावणारा माल जाळ्याने बांधला, तरी तो मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये दंडास पात्रच राहतो.

कीटकनाशकांचे डबे आणि भाजीपाला, धान्य अगर पशुखाद्य ही एकाच जाळ्याखाली कधीही नेऊ नयेत. जाळे दोन्ही वस्तूंना एकत्र दाबते आणि झाकणातून झिरपलेले औषध अन्नात मिसळते. औषधाचा डबा झाकणाच्या पेटीत, निराळा आणि उभा ठेवावा.

निगा

जाळ्याचा खरा शत्रू चिखलातील वाळू आहे. ती पट्ट्याच्या धाग्यांत शिरते आणि दर धक्क्यास त्यांना आतून कापीत राहते. महिन्यातून एकदा, पावसाळ्यात अधिक वेळा, जाळे साध्या पाण्याने खळखळून धुवावे व सावलीत वाळवावे. बॅटरीतील आम्लाने नायलॉन खराब होते आणि चुन्यासारख्या तीव्र क्षाराने पॉलिएस्टर. म्हणून या वस्तूंचा स्पर्श होऊ देऊ नये. काम नसेल तेव्हा जाळे काढून खुंटीवर टांगावे. गोणपाटाच्या ढिगावर टाकलेले जाळे उंदीर कुरतडतात आणि हे बहुधा नेमके बांधावयाच्या वेळी कळते.

दर हंगामाच्या आरंभी जाळे उजेडात धरून सर्व जोड मोजून तपासावेत. पट्ट्याचा रंग उडून तो खरखरीत झाला असेल, कडेला चीर गेली असेल, किंवा एखादा भाग वितळून कडक झाला असेल, तर तो पट्टा बदलावा. एका मोठ्या धक्क्यात माल थोपविलेले जाळे वरून चांगले दिसले तरी पुन्हा भाराच्या कामास घेऊ नये. त्याने आपले काम पूर्ण केले, असे समजून त्याचे तुकडे कोंबड्यांच्या खुराड्यास किंवा वेलाच्या मांडवास लावावेत.

उपसंहार

असे जाळे शिवण्यास दोन-तीन दिवसांची सवड, घरातील शिलाईचे यंत्र, एक आरी व दोन दाभणे एवढी सामग्री पुरते. ज्या घरात शिवणकाम येणारी स्त्री आहे, तेथे तर हे काम बाहेरच्या कारागिराहून अधिक निगुतीने होईल, कारण जीपच्या पुढील आसनावर कोण बसणार हे तिला ठाऊक असते. ५९ जोडांपैकी प्रत्येक जोड शिवताना ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर जाळे आपले काम चोख बजावील. बैलाच्या चालीसाठी शिकलेली गाठ सोडून देऊन, वाहनाच्या वेगास शोभेल अशी बांधणी शिकणे, हे जीप बाळगणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याचे कर्तव्य होय.